क्लबच्या पायरीवरचं आपलं भांडण

हमीद, आपलं भांडण अर्धंच राहिलं आणि आता ते पुरं करायला तू नाहीस. हे काही तू बरं केलं नाहीस. भांडणातून मध्येच उठून जायची तुझी सवय जुनीच. दुकानात गिऱ्हाईक आलं की तोंडातल्या टाचण्या काढून तू म्हणायचास, "थांब मास्तर, आलोच." मग त्या गिऱ्हाइकाच्या छातीचं माप घेता घेता माझ्या मुद्द्याला उत्तर शोधून ठेवायचास. या खेपेला मी वाट बघत बसलोय आणि तू येत नाहीस.

लोक तुझ्याबद्दल फार चांगलं बोलताहेत. कापड बाजारात ज्याला विचारावं तो सांगतो, हमीद टेलर म्हणजे शांत माणूस, कुणाच्या अध्यात ना मध्यात. मला हसू येतं आणि रागही येतो. तू आणि शांत? मराठी शाळेत आपण एका बस्करावर बसायचो, तेव्हा भिंतीवरच्या नकाशात सीना नदी निळी का दाखवली म्हणून तू गुरुजींशी वाद घातला होतास. तिच्यात पाणी म्हणून तू कधी पाहिलं नव्हतंस. हातावर छड्या खाल्ल्यास आणि घरी जाताना मला म्हणालास, "तरी बी निळी न्हाईच." असा माणूस तू. तुझ्याशी वादात मी जिंकायचो ते फक्त तुझ्या तोंडात टाचण्या असताना. त्यामुळे महत्त्वाचे मुद्दे मी माप द्यायला यायच्या वेळेसाठी राखून ठेवायचो, हे तुला ठाऊक होतं की नाही कोण जाणे. ठाऊक असणारच.

बाकीची भांडणं सोडून देतो. चहात आलं घालावं की नाही, पोराला इंग्रजी शाळेत घालावं की नाही, ती सगळी तू जिंकलास असं धर. खरं भांडण एकच, कॅम्पातल्या त्या क्लबचं.

गावात कुणी त्याचं नाव घेत नसे. गोऱ्यांचा क्लब म्हटलं की कळायचं. खेड्यावरून बाजाराला आलेली माणसं त्याला किलब म्हणायची. भिंगारच्या रस्त्यानं जाताना कडुलिंबाच्या आडून त्याची कौलं दिसायची, संध्याकाळी आतून बाजा ऐकू यायचा आणि आपण मान खाली घालून सायकल हाणायचो. मला त्याचं कुतूहल होतं, इतकंच. तुझं तसं नव्हतं. तुझे अब्बा त्या साहेबलोकांचे कोट शिवायचे आणि मापं घ्यायला त्यांना क्लबवरच बोलावणं यायचं. मागच्या दारानं. मागच्या पायरीशी पायताण काढायचं आणि साहेबाचा खेळ संपेपर्यंत व्हरांड्यात उभं राहायचं, हा रिवाज. नगरचा उन्हाळा, भर दुपार आणि पायाखाली तापलेला दगड. अब्बा घरी आले की तुझी आई आधी पाण्याची परात पुढं सरकवायची, भाकरीचं मग बघायची. ते परातीत पाय सोडून बसायचे आणि हसत सांगायचे, "साब का गला मालूम, कंबर मालूम. सामने का दरवाजा नै मालूम."

अब्बा ते खरंच हसून सांगत. मी कितीदा तरी ते ऐकलंय आणि मीही हसलोय. तुला मात्र ते हसणं सोसत नसे. अब्बांना पोचवून आलो त्या संध्याकाळी तू मला म्हणालास, "मास्तर, एक डाव त्या पुढच्या दारानं आत जानार हाय मी. बुटासकट. मंग पुन्ना न्हाई गेलो तरी चालंल." तेव्हा गोरे साहेब कायमचे आहेत असंच आपल्याला वाटायचं.

मग स्वराज्य आलं. गोरे साहेब गेले, आपले साहेब आले आणि क्लब होता तिथंच राहिला. आपल्या वाचनालयातली रविवारची मंडळी अधूनमधून काहीतरी बघायला निघायची. चांदबीबीचा महाल झाला होता, फराहबाग झाली होती, डोंगरगणला तर दोनदा जाऊन आलो होतो. मी म्हटलं, आता क्लब बघू. सेक्रेटरीच्या बंगल्यावर मी इतके खेटे घातले की त्याचा कुत्रा माझ्यावर भुंकेनासा झाला. शेवटी तो पारशी म्हातारा कंटाळून म्हणाला, "आवो बाबा, रविवारी सकाळी आवो. मीच दाखवतो. पण टेबलला कोणी हात नाय लावायचा हां."

तुला सांगायला दुकानात आलो तेव्हा तू काजं करत बसला होतास. "पुढच्या दारानं?" एवढंच विचारलंस.

"मग काय मागच्या?" मी म्हणालो.

तू सुई कापडात खोचलीस आणि दुकान उघडं टाकून माळीवाड्याकडे चालता झालास, बूट शिवायला टाकायला. तळव्यात करकर ठेवायला सांगितलीस. मी म्हणालो, अरे, या वयात नवरदेवासारखी करकर कशाला? तर म्हणतोस, "वाजला पायजे. आपन आत आलो हे आतल्याला कळलं पायजे."

हमीद, त्या दिवशी जे झालं ते सगळं तुझ्या टाचेमुळं झालं. नवे बूट चावत होते, म्हणून तू मागं पडलास. आम्ही बाकीचे क्लबच्या पायरीशी तुझ्याआधी पोचलो. पुढं दाळ मंडईतले आपले बन्सीकाका, इस्त्रीचं उपरणं घालून, लग्नाला निघाल्यासारखे. पायरीच्या कडेला जमिनीत एक लोखंडी पट्टी उभी रोवलेली होती. काकांनी ती काठीनं वाजवून बघितली आणि विचारलं, "ह्ये कशापायी?"

सेक्रेटरी म्हणाले, "बूटचा चिखल काढायला."

"आन मंग बूटच काढायचा की!" काका म्हणाले आणि त्यांनी वहाणा काढल्या.

काकांनी काढल्या म्हणून मागच्यानं काढल्या, त्यानं काढल्या म्हणून मी. कुणी सांगितलं नव्हतं. उलट सेक्रेटरीसाहेब दोन्ही हात हलवून "अरे नको, नको, राहू दे" म्हणत होते. पण नगरच्या माणसाला स्वच्छ पुसलेली जमीन दिसली की तो पायातलं काढतो. त्याला ते सांगावं लागत नाही आणि नको म्हटलं तरी तो ऐकत नाही. त्यात भीती नव्हती रे. निदान माझ्यात नव्हती. हे मी तुला किती वेळा सांगितलं आणि तू किती वेळा मान हलवलीस.

दारातून मी मागं वळून पाहिलं. तू पायरीखाली उभा होतास आणि तुझ्यापुढं आमच्या वहाणांची रांग होती. जेवायला बसलेल्या माणसापुढचं ताट कुणी उचलून न्यावं तसा तुझा चेहरा झाला होता.

"काढल्या?" तू म्हणालास. "समद्यांनी काढल्या?"

"तुमी बी काढा की हमीदशेठ," काका आतून ओरडले. "लई झ्याक जमीन हाय. गार."

तू माझ्याकडं बघितलंस. मग त्या लोखंडी पट्टीवर एकेक बूट घासलास, चिखल नव्हता तरी, आणि पुढच्या दारानं आत आलास.

आतली जमीन लाकडी होती, मेण लावून घासलेली. आमची पावलं त्यावर वाजत नव्हती. तू आत पाऊल टाकलंस आणि त्या रिकाम्या दिवाणखान्यात कर्र, टाक, कर्र, टाक असा आवाज घुमला. तुझ्या मनात जसा होता तसाच तो असणार. क्षणभर तुझ्या तोंडावर अब्बांचं हसू आलं होतं, मी पाहिलं. आणि तेवढ्यात तो आवाज ऐकून जेवणघरातून म्हातारा बटलर धावत आला. धावता धावता त्यानं गळ्याशी गुंडी लावली, खांद्यावरचा फडका हातावर घेतला आणि आम्हा सगळ्यांच्या मधून वाट काढत तुझ्यासमोर येऊन कमरेत वाकला. "सलाम साब."

तो अब्बांच्या वयाचा होता. पायात त्याच्याही काही नव्हतं.

"आरं हमीदशेठ साब झाले की!" काका म्हणाले आणि सगळे हसले. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं. पण तुझा चेहरा मी विसरणार नाही. मी येऊन तुझ्या शेजारी उभा राहिलो. तू खाली बघितलंस, म्हणून मीही बघितलं. तुझे ते लखलखीत बूट आणि त्यांच्या शेजारी माझे भेगाळलेले पाय. आपण दोघं एका बस्करावर बसत होतो असं कुणाला सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं.

पुढं सेक्रेटरीसाहेबांनी सगळं हौसेनं दाखवलं. भिंतीवर आपल्याच माळावरच्या काळविटांची मुंडकी, हिरव्या कापडाचं मोठं टेबल, नाचायची जागा, जुन्या मेंबरांच्या नावांच्या पाट्या. काकांनी टेबलाला हात लावला आणि बोलणी खाल्ली. तू कशाकडं बघत नव्हतास. टाचा उचलून, आवाज होऊ नये असं चालत होतास. करकर मुद्दाम शिवून घेतलेला माणूस ती दाबत चालला होता.

शेवटी तू एकच प्रश्न विचारलास. "मागची पायरी कुठं हाय?"

सेक्रेटरी गोंधळले. तिथं बघायला काही नाही म्हणाले. तरी तू गेलास आणि मी तुझ्यामागं आलो. साधा दगड होता, मधोमध झिजलेला. तू खाली बसलास आणि त्यावर तळहात ठेवलास. सकाळची वेळ होती. "गार हाय," तू म्हणालास आणि बराच वेळ हात काढला नाहीस. मला तेव्हा तुझ्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला आणि मी ठेवला. तू झटकला नाहीस. ते बरं केलंस. आज तेवढ्याचाच आधार आहे.

परत येताना किल्ल्याच्या रस्त्याला काका आणि मंडळी पुढं गेली आणि आपली जुंपली.

"तुमी काढायला नको हुत्या," तू म्हणालास.

"तू काढायला हवे होतेस."

"समद्यांनी घातल्या असत्या, तर त्या म्हाताऱ्यानं कुनाला सलाम ठोकला असता?"

"सगळ्यांनी काढल्या असत्या, तर तो धावत आलाच नसता."

तू रस्त्यात थांबलास. मी म्हणालो, "निघताना वळून बघितलंस? मेणावर आमच्या पावलांचे ठसे होते. सगळ्या दिवाणखान्यात. तुझा एक नव्हता. आत कोण गेलं मग, तू का आम्ही?"

"आन ते ठशे पुसायला कोन बसला हुता? त्योच म्हातारा. माझं काय पुसावं लागलं न्हाई."

तेही खरं होतं. मग समजुतीच्या सुरात म्हणालो, की अरे, आता ते आपलंच घर आहे, आणि आपल्या घरात आपण चपला काढतोच.

"आपलं म्हंजे कुनाचं?" तू विचारलंस.

प्रश्न साधा होता आणि तू तो रागानं विचारला नव्हतास. तुझा मेहुणा कराचीला गेला होता. दुकानात येणारं गिऱ्हाईक कापड टाकता टाकता विचारायचं, "मग तुमचं काय ठरलं?" आणि तू म्हणायचास, "काय ठरायचंय? सदरा परवा मिळंल." आपण दोघं त्यावर हसायचो. त्या दिवशी तू हसला नाहीस. "तुला आत गेल्या गेल्या आपलं वाटलं," तू म्हणालास. "वाटनारच. मला रोज कुनी तरी इचारतं कवा निघनार. मी का म्हनून पायातलं काढू?"

आणि मी जिंकायच्या भरात म्हणालो, "म्हणूनच काढ. पायात बूट ठेवतो त्याला लोक निघालेला समजतात. राहणारा माणूस दारात काढून ठेवतो."

तू पुढं निघालास. खंदकापासून झेंडीगेटपर्यंत मी तुझ्या मागं. नुसती तुझी करकर.

दुसऱ्या दिवशी शाळेत तुझा निरोप, कोटाचं माप द्यायला ये. मी कोट सांगितला नव्हता. मी आलो. तू टाचण्या तोंडात धरून मला पुढून मागून मोजलंस, माझे शाळेतले खडू कोटाला लागू नयेत म्हणून आतल्या बाजूला वेगळा खिसा धरलास, मी नको म्हणत असताना. सगळं झाल्यावर टाचण्या काढून म्हणालास, "तुझा मुद्दा चांगला हुता. पन बरोबर न्हाई." तो कोट आत्ता माझ्या अंगावर आहे. त्याच्या आतल्या खिशात अजून खडू असतात आणि बाहेरून पांढरा डाग दिसत नाही. तुझे आभार मी कधी मानले नाहीत. मानले असते तर तू काय म्हणाला असतास ते मला माहीत आहे, आणि ते इथं लिहिता येण्यासारखं नाही.

त्यानंतर आपलं ठरलं होतं की पुन्हा एकदा क्लबात जायचं. तुझी अट, सगळ्यांनी बूट घालून. माझी अट, सगळ्यांनी अनवाणी. दर रविवारी तू बूट घालून वाचनालयात यायचास, मुद्दाम वाजवत, आणि मी वर्तमानपत्राच्या आडून म्हणायचो, "साहेब आले." तू म्हणायचास, "निघालो न्हाई अजून." हा आपला नमस्कार झाला होता. बघता बघता वर्ष त्यात गेलं. काकांना वाटायचं आपण थट्टा करतो. थट्टाच होती. पण कधी कधी तू ते फार हळू म्हणायचास आणि मी पान उलटायचो.

मग तू साधा ताप म्हणून निजलास. मी आलो तेव्हा ओसरीवरच्या बाजेवर तू भिंतीकडं तोंड करून पडला होतास. मी चपला काढल्या, आणि तू न वळता म्हणालास, "दारात बघ."

दारात तुझे बूट होते. नीट जोडीनं ठेवलेले, टाचा भिंतीला लावून.

"काढून ठेवलेत बघ," तू म्हणालास. "ऱ्हातोय मी."

"म्हणजे मी जिंकलो की," मी म्हणालो.

"बरा झालो की घालनार." तू हसलास आणि खोकला आला. आतून भाभींनी पडद्यामागून पाण्याचा तांब्या सरकवला. मी तो तुला दिला, थोडा वेळ बसलो, दुसऱ्या दिवशी येतो म्हणून निघालो. दुसऱ्या दिवशी मी शाळेत गणित शिकवत होतो तेव्हा तुझा भाऊ सलीम दारात येऊन उभा राहिला आणि त्यानं काही सांगायच्या आत मी हातातला खडू खिशात ठेवला.

तुला खांदा दिला. काकांनीही दिला. इतके म्हातारे, पण ऐकेनात. कब्रस्तानात नमाजासाठी सगळे रांगेनं उभे राहिले आणि सगळ्यांनी पायातलं काढलं. मी कडेला उभा होतो. मीही काढलं. हमीद, तुला सगळ्या गावानं अनवाणी पायांनी निरोप दिला. माझी अट पुरी झाली. आता हा माझा विजय म्हणून मी कुणापुढं मिरवू?

तुला एक गोष्ट सांगायची राहिली. त्या दिवशी दिवाणखान्यात तुझे बूट वाजले, आणि बटलर येण्याआधी, अगदी थोडा वेळ, ते मला फार आवडलं होतं. छाती भरून आली होती. मी अनवाणी उभा होतो आणि तू माझ्या वतीनंही चालत होतास असं वाटलं होतं. भांडणात हे कबूल कसं करायचं? मुद्दा हातचा गेला असता. मी म्हटलं, सांगू पुढं कधीतरी, एखाद्या रविवारी, तुझ्या तोंडात टाचण्या असताना.

आता कालचं सांगतो. काल संध्याकाळी तुझ्या घरी बसायला आलो होतो. ओसरी माणसांनी भरलेली. दारात वहाणांचा ढीग. अशा वेळी कुणी जोडीनं ठेवत नाही. सलीमशी दोन शब्द बोललो. मग उठलो. बाकीचे अंगणात उभे राहून हळू बोलत होते. दिवे लागायचे होते आणि माझे डोळे तुला माहीतच आहेत. ढिगातून चपला शोधायला मी पायानं चाचपलं आणि भिंतीकडेच्या जोड्यात पाय घातले. पाय सैल बसला. मला कळायच्या आत मी दोन पावलं टाकली होती.

कर्र. टाक.

तुझेच बूट होते. इतक्या दिवसांत तिथून कुणी हलवले नव्हते. अंगणातलं बोलणं थांबलं. आणि आतून, हमीद, आतून भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला आणि भाभी घाईघाईनं पडद्यापाशी आल्या. इतकी वर्षं मी त्यांना आवाजानं ओळखतो आणि बांगड्यांनी. काल बांगड्या वाजल्या नाहीत. पडदा हलला आणि त्याच्या कडेला नुसती बोटं दिसली, कापड मुठीत धरलेली.

"आलात?" त्या म्हणाल्या.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मी आहे भाभी," मी म्हणालो. "मास्तर. चुकून घातले. अंधारात दिसलं नाही." आणि वाकून बूट काढायला लागलो.

पडद्याकडं मी बघत नव्हतो. मला वाटलं, आत गेल्या.

"मास्तर," मग त्या म्हणाल्या, "काढू नका. जरा चाला की. दारापत्तर."

सलीम माझ्याकडं बघत होता. काका काठीवर दोन्ही हात ठेवून उभे होते. मी, जो वर्षभर तुझ्याशी अनवाणी पायांसाठी भांडलो तो मी, तुझ्या ओसरीवर तुझे बूट घालून दारापर्यंत गेलो आणि परत आलो. शहाबादी फरशीवर करकर वाजत होती. त्या क्लबात हा आवाज ऐकून एक माणूस सलाम करायला धावला होता. इथं धावून आलेल्या माणसाला नुसतं तू घरी यायला हवा होतास. हा फरक मी त्या दिवशी तुला सांगितला असता तर भांडण तिथंच मिटलं असतं, पण त्या दिवशी तो मला कुठं ठाऊक होता?

मी थांबलो. पडदा अजून मुठीत होता.

"जरा जड टाका पाय," आतून आवाज आला. "त्यांचा पाय जड पडायचा."

मी पुन्हा निघालो आणि पाय जड टाकला.